यॉटवर अडकलेला फिटर

चाकण पट्ट्यातल्या पोलीस ठाण्यात समुद्राची केस येईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. आमच्याकडे काय यायचं? कंपनीतली भंगारचोरी, कंटेनरखाली आलेली दुचाकी, जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत निघालेले कोयते. पण ती केस आली, आणि निवृत्त होऊन घरी बसलो तरी अजून मनातून जात नाही.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. दापोडीतले गॅरेजवाले चाचा आत आले. जुनी ओळख. चोरीची गाडी दारात आली की गुपचूप फोन करणारा माणूस, त्यामुळे त्यांच्या शब्दाला माझ्याकडे वजन होतं. सोबत पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. जवळच्या गावातले जुने शेतकरी, सगळे त्यांना आप्पा म्हणत. जमीन कंपनीत गेली आणि मुलगा कंपनीत डिझेल फिटर झाला. इंजिन उघडायला तो चाचांच्याच हाताखाली शिकला होता.

"साहब, लडका फँस गया है," चाचा म्हणाले आणि लगेच मराठीवर आले. "निगडीत एक एजंट आहे. कंपन्यांतले फिटर, वेल्डर गाठतो आणि परदेशात श्रीमंतांच्या यॉटवर कामाला पाठवतो. टुरिस्ट व्हिसावर!"

यॉट म्हणजे हौसेने सहल करायची नौका. हौस मालकाची असली तरी इंजिन सांभाळायला माणूस लागतोच. आप्पांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला आणि मुलाचा निरोप ऐकवला. "आप्पा, दोर ओढायच्या मशीनमदी हात गेला. लई सुजलाय, ताप हाय. कॅप्टन उतरू देत न्हाई, पासपोर्ट त्याच्यापाशी. दोन-तीन दिवसांत लांब निघणार हायेत..." एवढ्यावर आवाज तुटला. त्यानंतर फोन बंद.

"साहेब, एवढा हात वाचवा त्याचा," आप्पा म्हणाले. "फिटरचा हात हाय त्यो."

देश ग्रीस, एवढंच त्यांना ठाऊक होतं. यॉटचं नाव माहीत नव्हतं, बेटही नाही. ती एकदा खुल्या समुद्रात गेली की कुणाला आणि कुठे शोधणार? मी लगेच गुन्हा दाखल करायला लावला आणि दुपारच्या आत एजंटला ठाण्यात आणलं.

गडी पांढऱ्या शर्टात होता, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, स्वतःला कॅप्टन म्हणवायचा. पूर्वी क्रूझवर तो नाश्त्याची टेबलं लावायचा, हे आम्हाला नंतर कळलं. मी चौकशीत आवाज चढवत नाही. आवाज चढवला की समोरच्याला गप्प बसायला निमित्त मिळतं. त्याला बोलू द्यावं आणि आपण गप्प राहावं. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही, तो आपणहून घसरतो.

पण हा घसरेना. "साहेब, मी ट्रॅव्हलवाला माणूस. फिरायला जायचं म्हणाला, तिकीट काढून दिलं. पुढे कुठल्या यॉटवर गेला, मला काय माहीत?" पढवलेल्या पोपटासारखं तेच तेच. फोन तपासला तर मेसेज, फोटो, सगळं साफ केलेलं.

मी वैतागून बाहेर आलो. बाकावर आप्पा चाचांना सांगत होते, "ह्याच भामट्यानं येशीवर माझ्या पोराचा फ्लेक्स लावला व्हता. परदेशी यॉटवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! आख्खं गाव बघत व्हतं. म्या पेढं वाटलं राव!"

मी जागीच थांबलो. आमच्या पिंपरी-चिंचवडात पोरगं दहावी पास झालं तरी चौकात फ्लेक्स लागतो, मग या बहाद्दराला जाहिरातीचा मोह कसा आवरणार? "आप्पा, फ्लेक्सवर फोटो कसला होता?"

"पोरगं नावंवर उभं हाय, असा. ह्यानंच मागवून घेतला व्हता तिकडनं."

"फ्लेक्स कुठाय?"

"कडब्यावर टाकलाय, भिजू नये म्हणून."

हवालदार गेला आणि दोन पंचांसमक्ष फ्लेक्स जप्त करून आला. नोकरीत पंचनामे उदंड केले, पण कडब्याच्या गंजीवरून उतरवलेला पुरावा हा एकच. मुलगा खरोखरच डेकवर हसत उभा होता. यॉटची मागची बाजू मात्र नेमकी एजंटच्या स्वतःच्या फोटोखाली गेलेली. गॉगल लावलेला, मुलाच्या दुप्पट मोठा!

मी रायगडला सागरी पोलिसांत असलेल्या माझ्या बॅचमेटला फोन लावला. "मागची बाजू मिळव," तो म्हणाला. "नोंदणीच्या यॉटवर मागे तिचं नाव आणि नोंदणीचं बंदर रंगवलेलं असतं. गाडीच्या नंबरप्लेटसारखंच समज. आणि देश सोडायचा तर तिला बंदरातून परवानगी काढावी लागते, वर कोण कोण आहे त्याची यादी द्यावी लागते. नाव मिळालं तर तिथे अडवता येईल."

फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्या दुकानाचं नाव होतं, आकुर्डीतलं. मी थेट तिथे गेलो. दुकानदार म्हणाला, "मूळ फोटो आहे की साहेब. आम्ही काही उडवत नाही, पुढच्या वाढदिवसाला लागतो." त्याने फोटो मोठा केला आणि पडद्यावर निळ्या अक्षरांत यॉटचं नाव आलं, खाली बंदराचं. "सापडली!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं.

ठाण्यात येऊन मी तो फोटो काही न बोलता एजंटसमोर ठेवला. "नेटवरून घेतला असेल, साहेब," तो पुटपुटला.

"असं होय? नेटवर आमच्या आप्पांचा पोरगा उभा राहतो काय रे?"

त्याने पाणी मागितलं आणि मग भडाभडा ओकला. बेट सांगितलं, कॅप्टनचं नाव सांगितलं. कामाचा व्हिसा, विमा, खलाशाचे कागद, काहीच करायला नको म्हणून यादीत या पोरांना पाहुणे म्हणून दाखवत. आणि पोरांना दम भरलेला असे, कुणीही विचारलं तरी 'गेस्ट' म्हणा, नाहीतर तिकडच्या तुरुंगात सडाल.

आयुक्तालयामार्फत परराष्ट्र खातं, तिथून दूतावास, अशी चक्रं हलली. दुसऱ्या दिवशी दुपारी दूतावासातल्या अधिकाऱ्याचा फोन आला. बंदर पोलीस यॉटवर चढले होते, मुलगा सापडला होता. "पण तो म्हणतोय, मी पाहुणा आहे, माझी तक्रार नाही. कॅप्टन शेजारीच उभा आहे. हा असंच म्हणत राहिला तर त्याला जबरदस्तीने उतरवता येणार नाही."

इतकं करून हातातोंडाशी आलेलं जाणार? मी म्हणालो, फोन त्याच्या कानाला लावा. आप्पा आणि चाचा सकाळपासून ठाण्यातच बसून होते. माझा फोन मी आप्पांच्या हातात दिला.

"बाळा, मी आप्पा. तू कुनाचा पाव्हना न्हाईस. फिटर हायेस, कामाला गेलायस. सांग त्यास्नी. भिऊ नगंस, हितं साहेब हायेत, आमी समदी हाय."

पलीकडून नुसतं रडणं. मग मोडक्या इंग्रजीत, पण मोठ्याने ऐकू आलं, "आय वर्क हियर. माय हँड, सर." चाचा "या अल्ला" म्हणून मटकन खाली बसले. हवालदाराने पाठ फिरवून डोळे पुसले. मीही पुसले, त्यात लपवायचं काय?

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. अजून उशीर झाला असता तर हात काढावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. कॅप्टनवर तिकडे कारवाई झाली, एजंटविरुद्ध आम्ही दोषारोपपत्र दाखल केलं.

आमच्याकडचा माणूस पगार विचारतो, ओव्हरटाइम विचारतो, जेवायला काय तेही विचारतो. कागदावर मी कोण आहे, हे मात्र विचारत नाही. त्या केसनंतर मी भेटेल त्याला हे बजावत आलो. यॉटवर कामाला जायचं तर एजंटकडे नौवहन खात्याचा परवाना आहे का ते बघा. सुरक्षेचा कोर्स करा, सीडीसी म्हणजे खलाशाची सरकारी ओळखपुस्तिका काढा, करार वाचल्याशिवाय विमानात बसू नका. बंदरातल्या नोंदीसाठी पासपोर्ट कॅप्टनकडे जातो, ती रीतच आहे. पण मागितल्यावर परत मिळत नसेल तर बंदर पोलिसांकडे जा. आणि पैसे असतील, हौसेने यॉट भाड्याने घेणार असाल, तरी चालवण्याचा परवाना मूळ न्या. इथल्यासारखं मूळ कपाटात आणि झेरॉक्स खिशात, हे तिकडे खपत नाही. पाय ठेवताच यॉटच्या मागच्या बाजूचा फोटो घरी पाठवा. कुणी हसलं तर हसू द्या.

मुलगा परत आला. बरेच महिने चाचांच्या गॅरेजात पाना धरून हात सरळ करत राहिला. मग रीतसर कोर्स केले, सीडीसी काढली, डॉक्टरी तपासणीत पास झाला आणि पुन्हा समुद्रावर जातो म्हणाला. आप्पा माझ्याकडे विचारायला आले. मी म्हणालो, बेलाशक जाऊ द्या.

मध्यंतरी आप्पांकडे जेवायला गेलो होतो. ताटं वाढली तेवढ्यात मुलाचा नव्या यॉटवरून फोन आला. आप्पांनी ख्यालीखुशालीही विचारली नाही.

"कागदावर कोन हायेस रं?"

"इंजिनियर हाय, आप्पा."

आप्पांनी फोन खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि आत हाक मारली, "अगं, साहेबांस्नी अजून एक भाकर वाढ."