टिटवाळ्याच्या गल्लीत तिरकी सायकल

टिटवाळ्याच्या बाजारात सायकली लावायला स्टँड बसवतायत, एवढंच एका ग्रुपवर वाचलं आणि माझं ठरलं. लोक समुद्र बघायला जातात, मी स्टँड बघायला निघाले! नवरा म्हणाला, "अगं, जातेच आहेस तर गणपतीलाही भेटून ये." दोन वर्षं गॅलरीत टांगलेली सायकल खाली काढली आणि रविवारी उजाडताच मानपाड्याहून सुटले.

शीळ रस्त्यावर ट्रक फार, तेव्हा पत्रीपूल सातच्या आत ओलांडा. शहाडला मिसळ खाल्ली. पुढे नदी लागली. पाण्यावर दाट धुकं होतं आणि पलीकडच्या नव्या इमारतींचे वरचे मजले तेवढे तरंगत होते. मी पेडल मारतेय की रस्ताच मला अलगद पुढे नेतोय, कळेना. मोहन्यानंतर खड्डे आहेत, तिथे तंद्री मोडते.

बाजारातून देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत भिंतीलगत स्टँडचे आठ नवे वाकवलेले पाइप पडले होते. पाइपांच्या पुढ्यातच, येण्याजाण्याची वाट सोडून, पोत्यावर जास्वंद आणि दुर्वा मांडून एक मावशी बसल्या होत्या. ठेकेदाराचा मुकादम मला बघून जवळजवळ धावतच आला.

"मॅडम, जरा सायकल देता? माप घ्यायचंय. आम्ही सगळे बाईकवर आलेलो."

सायकल-स्टँड बसवायला आलेल्या चार माणसांत सायकल एकही नव्हती. मला हसू आवरेना. पण माझी सायकल पुढचं चाक भिंतीला टेकवून सरळ लावली, तर तिचं मागचं चाक थेट मावशींच्या पोत्यावर आलं.

"मावशी, तुम्हाला उठावं लागेल," मुकादम खाली बघत म्हणाला.

मावशी दुर्वांची जुडी नुसती सोडत-बांधत राहिल्या. वीस वर्षं त्या तिथेच बसतात, शेजारच्या चहावाल्याने सांगितलं. मला एकदम अपराधी वाटलं. सायकल तर माझीच होती.

मग त्याच म्हणाल्या, "तिरकी लाव की रं. आमच्या चाळीचा बोळ एवढुसा. आमचे मालक रोज सायकल तिरकीच लावायचे."

मुकादमाने सायकल तिरकी केली. चाक पोत्यापासून चांगलं वीतभर मागे राहिलं. त्याने फोटो काढून साहेबांना पाठवला. उत्तर येईपर्यंत आम्ही कटिंग चहा घेतला. देवळाची घंटा वाजत होती, धुक्यातून ऊन उतरत होतं, आणि मी देवाकडे पहिल्यांदाच आठ पाइपांसाठी काही मागत होते. फोन वाजला. "चालेल म्हणतायत!" मुकादम ओरडला आणि ड्रिल सुरू झालं.

दर्शन घेऊन परतले तेव्हा पहिला पाइप उभा होता. मावशींनी माझ्या हँडलला जास्वंदीचं फूल खोवलं. पैसे काही घेईनात.

"येत जा गं बाय. सायकली लागल्या नाहीत, तर इथे स्कुटरी उभ्या करतील. मग मला उठवतीलच."

दुपारी घरी पोचले. मांड्या भरून आल्या होत्या, पण मन अजून त्या नदीकाठीच रेंगाळत होतं. नवऱ्याने सायकल गॅलरीत टांगायला उचलली. मी म्हटलं, "राहू दे खालीच. रविवारी लागणार आहे."

तेव्हापासून दर रविवारी जाते. पहिल्या पाइपाला माझी सायकल असते, तिरकी. बाकीचे सात अजून रिकामे आहेत.