आळेफाट्यावरचा वस्तरा

आळेफाट्यावरच्या त्या सलूनवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आरशाला टेकवलेल्या मोबाइलवर सिनेमा बघत तो दाढी करायचा. पडद्यावर खून आला की वस्तरा माझ्या गळ्यापासून हातभर लांब धरायचा; खून उरकला की पुन्हा टेकवायचा. एवढी काळजी माझ्या प्रकाशकानंही कधी घेतली नाही.

त्या दिवशी जुन्या काळातला सिनेमा होता. धुकं, घोडागाड्या, मेणबत्त्या. एका लेखकाच्या गोष्टी वाचून कुणीतरी हुबेहूब तसेच खून पाडत होतं. मीही खूनकथाच लिहितो, त्यामुळे माझी छाती उगाच फुगली.

फेसाआडून म्हणालो, “मीसुद्धा असलंच लिहितो. कधीकधी भीती वाटते, वाचून कुणी खरंच केलं तर?”

त्यानं सिनेमा थांबवला.

“किती पुस्तकं झाली, भाऊ?”

“अकरा.”

“आन् खून?”

“खून? एकही नाही.”

त्यानं वस्तरा चक्क खाली ठेवला. नापास झालेल्या पोराच्या बापाला धीर द्यावा तसा माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “व्हईल राव, नाराज नका होऊ. कुणीतरी वाचंल कधीतरी.”