फुटपाथवरची घंटी

मागून सायकलची घंटी वाजली का मले अजूनही सरकारी दवाखान्यातला थो बायांचा वार्ड आठवते, अन् पायाले पलस्तर बांधलेली थे बाई. खात्यातून मी सहायक फौजदार म्हून रिटायर झाली. चोऱ्या पाह्यल्या, डोकेफोडी पाह्यली, पन मनात बसला तो माहा पयलाच तपास. नाव कोनाचंच सांगत नाही, त्या घरच्या सुना-नातसुना अजून जवळच्याच कारधा गावात नांदून राहिल्या.

ऐंशीच्या पुढचं साल असन. माहे धनी खात्यातच होते, तापानं गेले, अन् त्यायच्या जागी मले घेतलं. सातवी शिकलेली मी, घरी दूधपिती पोरगी सासूजवळ टाकून ड्यूटीवर याची. खाकी घातली तरी आतून सासरवाशीनच. साहेबानं हाक मारली का पयले हात पदराकडे जाये अन् मंग सलूट. काम काय, त बाई आरोपी आली का तिच्याजवळ बसाचं, झडती घ्याची, कोर्टात न्याचं.

तवा भंडारा लहानसाच होता. सकाळी गल्लीगल्लीतून पितळेच्या भांड्याची ठोकठाक ऐकू ये, थ्या आवाजानंच शहर उठे. मोठ्या रस्त्याच्या कडेले नवाच फुटपाथ बांधला होता, चांगला हातभर उंच. बांधला पायी चालनाऱ्यासाठी, पन चढले त्याच्यावर सगळेच. रस्त्यात खड्डे अन् ट्रक, अन् वर सपाट फरशी, मंग सायकलवाला कायले खाली राहाते! स्कुटरवाले बी चढत. आमचे हवालदार शिट्टी मारत, तेवढ्यापुरते उतरत, पुढं जाऊन पुन्हा चढत.

एक दिवस दुपारी खबर आली का कारध्याची एक बाई लेकरासकट टेम्पोपुढं आली. पंचनाम्याले मले संगं नेलं. रस्त्यात पानी भराचा एक नवा पितळेचा गुंड चेपून पडला होता. बाईले दवाखान्यात नेलं होतं, मांडीचं हाड मोडलं होतं. पोरगं तिनं पोटाशी असं धरलं होतं का त्याले खरचटलं बी नाही.

टेम्पोवाला रडून राहिला होता. "साहेब, पोरायची आन, मी हळूच होतो. बाई फुटपाथवरून स्वताच उतरली. सरळ माह्यासमोर!"

दुकानदारायनं बी तेच सांगतलं, स्वताच उतरली. मंग तिच्या नवऱ्याची जबानी झाली, तो बिचारा भोळा, बोलून गेला का काल घरी भांडन झालं होतं, हे जेवलीच नाही.

आमचे फौजदार साहेब साताऱ्याकडचे. मानूस चांगला, पन कागद जुळला का समाधान पावे. म्हनाले, "आदल्या दिवशी भांडण, दुसऱ्या दिवशी बाई टेम्पोपुढं. तीनशे नऊ लावावं लागेल."

तीनशे नऊ म्हंजे जीव द्याचा प्रयत्न, तवा तो गुन्हाच होता. अन् ते ऐकून तिची सासू वार्डाच्या व्हरांड्यात पोराले घेऊन बसली, म्हने, "जे लेकराले घेऊन मराले जाते, तिच्याजवळ मी माहा नातू देत नाही. मंग कोर्ट काहीही म्हनो."

पोरगं आत मायकडे पाहून रडे, माय बाहेर पोराकडे पाहून रडे, अन् मधात मी पहाऱ्याले उभी. त्याचं रडनं ऐकून माह्याच अंगचं दूध सुटलं, खाकी ओली झाली. लाजेनं मी भिंतीकडे तोंड केलं.

साहेबानं मलेच बसवलं तिच्याजवळ, का बाईजवळ बाई बोलन.

"काहून उतरली व माय खाली?" मी इचारलं.

थे दारातून पोराकडेच पाहून राहिली.

"जीव द्याचा होता?"

तिनं जोरात मान हलवली. "मले काय झालं जीव द्याले! भाव करकरून गुंड घेतला मी."

"मंग कोनी ढकललं?"

"नाही."

"मंग काहून उतरली?"

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तेवढी एकच गोष्ट सांगे नाही. पन मले तिचं भाव करनं पटलं. ज्या बाईले मराचं आहे, थे दुकानात बसून गुंड उलटापालटा करून पाहात नाही.

चार दिवसानं मी घरी जाऊन राहिली होती, त फुटपाथजवळच्या पानठेलेवाल्यानं बोटानं बलावलं. हळूच म्हने, "बाई, माहं नाव नका घेऊ, साक्षीले बलावलं का ठेला बंद राहाते. पन मी घंटी ऐकली."

"कायची घंटी?"

"सायकलची. बाईच्या मांगून फुटपाथनंच आली. घंटी वाजली, बाईनं डोक्यावर पदर वढला, तोंड फिरवलं, अन् मंग उतरली खाली."

"पयले पदर का पयले उतरली?"

"पयले पदर. मले बी नवल वाटलं. नाहीत ह्या बाया सायकलवाल्याले कशा शिव्या देतेत, तुमाले मालूम आहे."

"अन् सायकलवाला?"

"मी चुना लावून राहिलो होतो. पाठ दिसली, पांढरं धोतर. असे रोज पन्नास जातेत."

मी तिथंच उभी राहिली. पदर! मांगं वळून न पाहाताच पदर! म्हंजे घंटी ओळखीची होती. माह्या सासरी बी भासरे बाहेरून आले का आंगनाच्या तोंडाशी घंटी वाजवत. थे घंटी म्हंजे आमाले इशारा, का पदर घ्या अन् वाटेतून सरका. भात परतत असलो तरी उलथनं टाकून आमी भिंतीआड.

भीतभीतच साहेबाले सांगतलं. ते म्हनाले, "भासरा म्हणजे?"

"नवऱ्याचा मोठा भाऊ, साहेब."

"म्हणजे मोठा दीर. बरं. मग?"

"त्याच्यासमोर आमी उभं राहात नाही. तोंड दाखवत नाही, बोलत नाही, नाव घेत नाही. तो बी भावसुनेशी, म्हंजे लहान भावाच्या बायकोशी, बोलत नाही. आवाज देता येत नाही म्हून घंटी वाजवते."

साहेब खुर्चीतून पुढं झाले. "आणि वाटेतून सरकायचं?"

"हो साहेब. घरी भिंतीआड सरकता येते. फुटपाथवर कुठं सरकन?"

साहेबानं टोपी उचलली. मंग म्हनाले, "तिच्या मोठ्या दिराची सायकल कुठं आहे?"

सायकल दवाखान्यातच होती! तिचा भासरा रोज डबा घेऊन ये, व्हरांड्याच्या खांबाले सायकल टेकवे, डबा आपल्या मायजवळ, म्हंजे बाईच्या सासूजवळ, देऊन दूर लिंबाखाली बसे. पयल्या दिवशी साहेबानं त्याले इचारलं होतं का कुठं होता, त म्हने वावरात.

साहेब वार्डात तिच्या खाटेजवळ जाऊन उभे राहिले. मी बाहेर. पयले नर्सबाईच्या नवऱ्याची सायकल होती, तिची घंटी वाजवली. आत काहीच नाही. मंग भासऱ्याची वाजवली. दोनदा, जशी घरी वाजवतेत तशी, ट्रिंग अन् थांबून ट्रिंग.

साहेबानं मंग सांगतलं मले, आवाज ऐकला अन् त्या बाईनं झटकन पदर वढला, अन् मोडलेल्या पायानिशी खाटेवरून उठाले गेली. वेदनेनं वरडली, पन पदर सोडला नाही.

मी धावत आत गेली. तिच्या कानाशी बसली. "नाव नको घेऊ माय. पोराचा कोन लागते, तेवढंच सांग."

पदरातून आवाज आला, "मोठे बाबा."

"त्यायले पाहून उतरली?"

"पाह्यलं कुठं! घंटीच ऐकली. पाय आपोआप उतरले व बाई. टेम्पो दिसलाच नाही."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"त्यायच्यावर आलं असतं ना सगळं. घरचे मोठे थे."

बाहेर भासरा खांबाजवळ येऊन उभा होता. त्यानं आपली घंटी ऐकली होती. इचारायच्या आधीच हात जोडले. "साहेब, मीच होतो. रस्त्यानं ट्रक होते म्हून वर चढलो. भावसून दिसली, आवाज कसा देऊ? घंटी वाजवली. मंग टेम्पोचा ब्रेक ऐकला, लोकं धावले. मले भेव वाटलं, पायडल मारत गेलो. तुमी हिच्यावरच केस कराले निंगाले, तवापासून अन्न गोड लागत नाही."

 साहेबानं तीनशे नऊचा कागद घडी करून खिशात ठेवला अन् त्याची जबानी घेतली. मंग म्हनाले, "हे मला नको सांगू. जिला सांगायचं तिला सांग."

आता आली का पंचाईत! भासरा भावसुनेशी बोलन कसा? तो वार्डाच्या दाराशी आला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सासूच्या कडेवर पोरगं होतं, बोट चोखून राहिलं होतं. त्याच्याकडे पाहून म्हने, "बाबू, तुह्या मायले सांग... मोठ्या बाबाचं चुकलं."

 पोरगं काय सांगन, त्याले बोलता बी येत नव्हतं. पदराआडून थे बाई म्हने, "बाबू, मोठ्या बाबाले सांग, सायकल रस्त्यानं चालवा म्हना. फुटपाथ आमचा आहे."

बाजूच्या खाटेवरची बुढी फसकन हासली, मंग नर्सबाई, मंग मी बी. सासू मात्र हासली नाही. उठली, चालत गेली अन् नातू सुनेच्या कुशीत ठेवून देला.

भासऱ्याले फुटपाथवर सायकल चालवल्याबद्दल कोर्टात दंड झाला, तो त्यानं मुकाट भरला. गुंड आमी ठान्यातून परत केला, चेपलेला तसाच. पुढं कितीक वर्षं त्या घरी पानी त्याच गुंडानं भरलं म्हनतेत.

त्या तपासात भासऱ्याबिगर खोटं कोनी बोललं नव्हतं. टेम्पोवाला खरा, दुकानदार खरे, नवरा बी खरा. खऱ्या गोष्टीयची आमीच चुकीची मोळी बांधली होती. तवापासून मी नव्या पोरीयले हेच सांगत आली का बाई चूप आहे म्हून तिचा गुन्हा आहे असं समजू नोका, थे कोनाले झाकून राहिली थे पाहा.

आता साताऱ्याचे साहेब नाहीत, पानठेला नाही, पितळेची ठोकठाक बी कमी झाली. फुटपाथ आहे, अन् त्याच्यावर सायकलीच्या जागी फटफट्या. सकाळी फिराले जातो त मांगून हॉर्न वाजते. पाय अजूनही आपोआप खाली उतराले पाहातेत, पन मी रोखतो त्यायले. तिथंच थांबतो, मांगं वळतो, पदर न घेता त्याच्या तोंडाकडे पाहातो अन् म्हनतो, "भाऊ, मी तुही भावसून नोहो. तूच उतर खाली."