चाचांचा ओरडा

डिप्लोमा करून पाचोडहून आले, तेव्हा चिकलठाण्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पहिली नोकरी लागली. लेथवरून उतरलेले पार्ट तपासायचे, एवढंच काम. मालक एक म्हातारे चाचा, अन् त्यांचा आवाज सगळ्या मशिनींच्या वर. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाय. "ए पाचोड! ओढनी बांध पहले! मशीन में गई तो तेरे बाप को क्या मुँह दिखाऊँगा मैं?" हे रोजचं. चुकीचा पार्ट पास झाला की चारचौघांत, "आँखें घर पे रखके आई क्या?" अन् जेवायच्या सुट्टीत आपल्या डब्यातली निम्मी भाजी माझ्या झाकणात.

मला लई राग यायचा. एवढी शिकलेली पोरगी मी, अन् हा माणूस मला झाडतो!

वाळूजच्या मोठ्या कंपनीत ट्रेनी म्हणून निवड झाल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "जा! एसी में बैठके सड!" त्या दिवशी दिवसभर ते सगळ्यांवर डाफरत होते, जेवलेसुद्धा नाहीत. सुटले बाई एकदाची, असं म्हणत मी बजाजनगरात खोली घेतली.

कंपनीत कुणी आवाज चढवत नव्हतं. आमचे साहेब माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असतील, पण शिपायालाही अहो-जाहो करायचे. वर्षभर ट्रेनी, मग पर्मनंट. आईनं तर पाचोडच्या बाजारात अर्ध्या गावाला सांगूनही टाकलं होतं, की पोरगी पर्मनंट होणार म्हणून.

माझी सवय मात्र चाचांकडची. पार्टात खोट दिसली की सरळ ऑपरेटरकडं जायचं, "दादा, हे बघा जरा" म्हणायचं, की विषय संपला. साहेब एकदा म्हणाले, "छान चाललंय तुमचं. फक्त ते कॉम्प्युटरवर टाकत चला, बरं पडेल." मी हो म्हटलं. बरं पडेल म्हणजे टाकलं तर बरं, नाय टाकलं तरी चालेल, असंच ना? पुढं एकदा हसत म्हणाले, "तेवढं कॉम्प्युटरचं बघा हं." माणूस हसतोय म्हणजे खूश आहे. मी आपली निवांत.

वर्ष संपलं तेव्हा त्यांनी माझ्यासाठी कॉफी मागवली अन् तितक्याच गोड आवाजात सांगितलं, की पुढं ठेवता येणार नाही. वारंवार सांगूनही बदल दिसला नाही.

"मला कधी सांगितलं?" मी विचारलं.

ते खरोखर चकित झाले. "अहो, सांगत तर होतो!"

ते खोटं बोलत नव्हते. मला ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं, त्याला ते बिचारे काय करणार?

आईला काय सांगू, या विचारानं खोलीत रडून घेतलं अन् मग चाचांकडं गेले. शिव्या घालतील, घालू देत. "आ गई ना वापस?" म्हणतील अन् कामाला लावतील. ओरडा खायची तयारी करूनच गेले होते.

चाचा उठून उभे राहिले. "आइए मॅडम, बैठिए."

माझ्या जागेवर एक नवी पोरगी होती. माझ्यासाठी कपबशीतून चहा आला. तिथं आम्हाला कायम ग्लासात मिळायचा. परत येऊ का, म्हणून मी विचारलं. चाचा हळू आवाजात म्हणाले, "आप ही की जगह है, मॅडम. देखेंगे. कुछ रहा तो बताएँगे."

या गोड बोलण्याचा अर्थ आता मला कळत होता. त्यासाठी अख्खं वर्ष घालवलं होतं मी.

निघताना लेथजवळून जायचं होतं. खरं सांगते, मी ओढणी मुद्दाम सैल सोडली. चाचांनी पाहिलं. मी वाट बघत थांबले. ओरडा ना चाचा, एकदा ओरडा.

"जरा संभाल के, मॅडम," ते म्हणाले अन् माझ्यासाठी दार उघडून धरलं.

मी फाटकापर्यंत पोचले नसेन, तोच मागून आवाज आला, "ए दौलताबाद! आँखें घर पे रखके आई क्या?" ती पोरगी आत तोंड फुगवून बसली असणार. मला तिचा इतका हेवा वाटला, की "कुठं जायचं ताई?" असं बाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, तरी माझे कान मागं वर्कशॉपकडंच लागलेले.