मेघा वेचणीला यायची

"मरून जावं असं वाटतं का?" बुलढाण्याच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या दहावीतल्या मेघाला सरळ विचारलं. मला संताप आला. असलं अभद्र लेकराला विचारतात का? पण मेघाने मान हलवली. हो.

मी तिचा हात घट्ट धरला.

सुरुवात पोटदुखीने झाली होती. शाळेला जायची एसटी दिसली की पोटात कळ, छातीत धडधड, तळहातांना घाम. मोताळ्याला सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. मग तिने शाळाच सोडली आणि माझ्यासोबत कापूस वेचायला येऊ लागली. बीटी कपाशीची बोंडं एकदम फुटलेली, वेचायला बाया मिळेनात. मेघा खाली मान घालून दिवसभर वेचायची. "पोरगी मोठी गुणाची हाय वो तुही," बाया म्हणायच्या. मी फुलून जायचे. ती हसत नाही, धड जेवत नाही, हे त्या कौतुकात कोणाला दिसणार? तिचं जेवण अगदीच तुटलं, तेव्हा मोताळ्याच्या डॉक्टरांनी बुलढाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

मॅडमनी समजावलं, "आधी ॲन्झायटी, म्हणजे सतत भीती. भीतीने शाळा टाळली, म्हणून अभ्यास मागे पडला, मैत्रिणी तुटल्या. त्यातून डिप्रेशन आलं. कशातच मन लागत नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटतं. अशा मनाला शाळेची आणखी भीती वाटते. दोन्ही एकमेकांना वाढवतात." मग त्यांनी विचारलं, "फवारणीच्या विषारी औषधाचे डबे कुठे ठेवता?"

मेघाच्या खाटेखाली. आमच्या गावात ते घरातच असतात.

परतताना मी तिचा हात सोडला नाही. तिच्या बाबांनी त्याच संध्याकाळी डबे शेतावरच्या लोखंडी पेटीत बंद केले आणि किल्ली करदोड्याला बांधली.

मॅडमनी दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला वेळ लागतो. तो काळ फार वाईट गेला. ती न्हाणीत गेली तरी मी दाराशी उभी. मॅडमनी सांगितलं होतं, आधी फक्त शाळेच्या फाटकापर्यंत जायचं, मग एका तासाला बसायचं. एकदा ती फाटकातूनच रडत फिरली. "मले नाही जमत, माय." दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो.

तुमचं लेकरू शाळा टाळून मुकाट्याने कामाला लागलं असेल, तर कौतुक करण्याआधी त्याच्याजवळ बसा. मरणाचं विचारायला भिऊ नका. विचारल्यामुळेच माझी पोर बोलली.

शेवटच्या वेचणीला मी सवयीने हाक मारली. मेघा गणवेशात वेणी घालत होती.

"मी नाही येत. मले शाळेत जायचं हाय. तूच वेच."

तिने असं उलटून बोलावं, म्हणून माझा जीव किती तळमळला होता! वेचणीचं फडकं डोळ्यांना लावत मी एकटीच शेतात गेले.