शुभेच्छुकांचा फाँट

चुलतभावाच्या लग्नाचा फ्लेक्स माझ्याच गळ्यात पडला, कारण घरात अक्षरांचे फाँट बनवणारा मीच. खाली शुभेच्छुकांत दोन काकांची नावं होती. दोघांनीही मला एकट्याला गाठून तेच सांगितलं, "माहं नाव त्याच्यापेक्षा ठसठशीत पाहिजे गा." वैताग नुसता! मी दोघांनाही माझा नवा फाँट लावला. उभ्या रेषा खांबासारख्या जाड, आडव्या केसासारख्या बारीक, पायाशी विटेसारखे ठोकळे. फ्लेक्स सक्करदऱ्याच्या चौकात उंचावर चढला आणि रस्त्यावरून बारीक रेषा दिसेनाशाच झाल्या. उरले नुसते काळे खांब. त्यांतले जास्त जाड खांब आपलेच, अशी दोन्ही काकांची खात्री पटली. शुभेच्छुकांत वाचता येत होतं ते एकच नाव, शेवटी साध्या अक्षरांत हळूच घुसवलेलं. माझं.