सात वेढ्यांची मोटार

तनुजाने हाजराबींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. विहिरीवरची मोटार जळाली होती आणि तिचे वडील बजरंग ती भरून, म्हणजे आत नवी तार गुंडाळून घ्यायला अहमदपूरला, मार्केट यार्डाजवळच्या जिलानी मिस्त्रींच्या दुकानात घेऊन आले होते. बजरंगांनी मोठ्यानं रामराम घातला. चटईवर बसलेल्या बाईंनी मान वर केली नाही. त्यांचे ओठ हलत होते आणि तांब्याची तार लाकडी फर्म्यावर फिरत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी तार तोडली, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "रामराम भाऊ. बोला."

"राग मानू नका," जिलानी मिस्त्री हसत म्हणाले. "घराला आग लागली तरी गिनती संपल्याबिगर ही उठायची न्हाई."

पाटीवर नाव मिस्त्रींचं होतं. विहिरीतून मोटारी काढणं, बसवणं, गिऱ्हाइकाशी गप्पा, हे सगळं त्यांचं. मोटार भरायची ती त्यांच्या बायकोनं, हाजराबींनी. कुठलीही मोटार उकलताना त्या जुने वेढे मोजून एका जाड वहीत लिहीत. तनुजा त्या दिवशी तासभर त्या हातांकडे बघत राहिली.

पुढे ती लातूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला गेली. शेवटच्या वर्षी तिनं ठरवलं की शर्यतीचा ड्रोन बांधायचा. ड्रोनच्या नाकावर कॅमेरा आणि उडवणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल. त्यातून पाहत, जणू आपणच आत बसलोय असं, कमानींमधून उडवायचा. नांदेडला विद्यार्थी गटाची स्पर्धा होती आणि डिप्लोमा संपल्यावर त्या गटात तिला उतरता येणार नव्हतं.

दोन महिने ती सुटे भाग निवडत होती. सांगाडा असा घेतला की पडून एक हात मोडला तर तेवढाच बदलता यावा. कॅमेरा आणि गॉगल जुन्या पद्धतीचे, स्वस्त. चित्रात मुंग्या येतात, पण चित्र उशिरा येत नाही, आणि शर्यतीत तेच महत्त्वाचं. नोकरी लागून निघालेल्या, कॉलेजातल्या पुनमताईनं सहा सेलच्या दोन बॅटऱ्या आणि चार्जर अर्ध्या किमतीत दिला. राहिल्या मोटारी. एकाच भावात दोन संच होते, एकावर १९०० लिहिलेलं, दुसऱ्यावर २७००. एका व्होल्टला मोटार मिनिटाला किती फेरे घेईल, त्याचा तो आकडा.

तिनं घरी फोन लावला.

"मोटार घ्यायची तर एक नंबर वरचीच," बजरंग म्हणाले. "आपण पाचाच्या जागी साडेसात एचपी घेतली, म्हणून तर पाणी चढून राहिलं."

गावात व्होल्टेज कधी पुरतं येत नाही, तिथं ही रीत बरोबरच. हा आकडा एचपीचा नव्हे, वेगाचा; सहा सेलवर २७०० ची मोटार जास्त करंट ओढून तापणार, हे तनुजाला ठाऊक होतं. वर्गात विचारलं असतं तर तिनं नीट सांगितलंही असतं. तरी तिनं २७०० वर बोट ठेवलं. घरातली सवय अशी कुठेही निघते.

सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात तिनं पहिल्यांदा ड्रोन उडवला. तो असा सुसाट उठला की बजरंग दोन पावलं मागं सरले. मिनिटभरानं एका मोटारीतून धूर निघाला आणि ड्रोन ढेकळांत पडला. तनुजानं तो नाकाशी नेला. लहानपणी विहिरीवर आला होता तोच वास.

स्पर्धेला बारा दिवस होते. दुकानदार माल परत घेईना आणि नवीन संच परवडणार नव्हता. तिनं ड्रोन पिशवीत घातला आणि अहमदपूरची एसटी धरली.

"खाला, ही भरता येईल का?"

हाजराबींनी मोटार तळहातावर घेतली. "या अल्ला, ही मोटार हाय का बटाट्याची फोड? तारा तीन कशाला?"

"तीन फेज, खाला."

"म्हंजी दोन तारा बदलल्या की उलटी फिरती?"

"हो, तशीच."

"मग ही आपल्याच घरातली हाय की!" त्यांनी चष्मा वर सरकवला. त्यानंतर प्रश्न थांबेनात. लोहचुंबक बाहेर का फिरतं, ब्रश कुठंय, एवढीशी मोटार अर्धा किलो उचलते ती कशी. वेगाचा आकडा जास्त निवडला, हेही तनुजानं सांगून टाकलं. बोलत बोलतच हाजराबींनी आतल्या लोखंडी दातांवरची जळकी तार उकलली. "एका दातावर पाच वेढे. वेग लई म्हणतीस ना? मग वेढे वाढव. सात कर, वेग आपोआप उतरंल."

तनुजानं कागदावर गणित मांडलं. पाचाला २७००, तर साताला एकोणीसशेच्या वर थोडंसं. तिनं नाकारलेला तोच आकडा.

पण मग चारही मोटारी सारख्या हव्यात. म्हणजे शाबूत तिन्हीही उकलायच्या. त्या बिघडल्या तर सगळंच संपलं. तनुजाचा हात पिशवीवरच राहिला.

"आधी जळकी भरू," हाजराबी म्हणाल्या. "ती चालली तर बाकीच्या दे. न्हाईतर घेऊन जा घरला."

पंख्याच्या बारीक तारेचे पदर एकत्र करून त्या बसल्या. बारा दात, प्रत्येकी सात वेढे. सुई शिरणार नाही एवढी जागा. दोनदा तारेवरचं वार्निश खरवडलं गेलं, दोनदा सगळं उकललं. दुपार झाली. संध्याकाळी मोटार सहा सेलवर फिरली, थंड राहिली.

तनुजानं उरलेल्या तीन मोटारी चटईवर ठेवल्या.

त्यांना चार दिवस लागले. दारात दोन पंपवाले खोळंबून होते. "बायको आता विमानं भरून राहिली," मिस्त्री त्यांना सांगत, "तुमचा नंबर विमान उतरल्यावर."

नांदेडला तनुजा शेवटून तिसरी आली. पण शर्यतीच्या तिन्ही फेऱ्या तिनं पुऱ्या केल्या. दोघांचे ड्रोन तर वाटेतच पडले होते. तिनं मैदानातूनच फोन लावला. मिस्त्रींनी उचलला, म्हणाले, "थांब, गिनती चालूय." ती फोन कानाला लावून उभी राहिली.

"बोल बेटा. मोटारी गरम?"

"हाताला सोसतील एवढ्या, खाला."

"मग झालं."

कितवा नंबर, हे त्यांनी विचारलंच नाही.

हाजराबी आता साठीला आल्या आहेत. पंपाच्या मोटारी त्याच भरतात. लातूर-नांदेडची मुलं अधूनमधून कुरिअरनं बारक्या मोटारी पाठवतात, म्हणून मागच्या महिन्यात त्यांनी भिंगाचा एक दिवा विकत घेतला.